सदतीस आणि त्र्याहत्तर

माझे बाबा गणिताचे मास्तर. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, यांनी एक संख्या पाळली. दोनला दोनने गुणत राहायचं, आठ अंकी घातांक सांगेल तितक्यांदा, आणि एक वजा करायचा. उत्तर दोन कोटी अंकांचं. ती संख्या मूळ आहे का, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही ना, एवढंच त्यांना मरायच्या आधी हवं होतं. प्रोग्राम स्वतःच लिहिला, दुसऱ्याच्या अकलेवर यांचा विश्वास कुठला! त्यातली कसोटी साध्या भागाकाराच्या उलटी: शेवटी शून्य उरलं तर मूळ, दुसरं काहीही उरलं तर नाही.

तोवर त्यांना दिसेनासं झालं होतं, म्हणून घातांक मी टाइप केला. त्यांनी तोंडपाठ सांगितला. "अंकांची बेरीज?" "एकेचाळीस." "बरोबर. कर सुरू." मग मागच्या खोलीत अकरा महिने मशीनची घरघर. धूळ पुसायलासुद्धा मी कुणाला जवळ जाऊ दिलं नाही.

निकालाला चार दिवस उरले असताना हॉस्पिटलवाल्यांनी बाबांचं ओळखपत्र मागितलं. ते शोधताना कपाटात त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी सापडली. घातांकाच्या शेवटी ७३. मी टाकले होते ३७. अंक उलटे पडले तरी बेरीज तीच, कळणार कशी? कॅल्क्युलेटर घेतला. माझ्या घातांकाला सातने भाग गेला. घातांकच मूळ नसला की पुढची अख्खी संख्या मूळ असूच शकत नाही, हे त्यांनीच मला शिकवलेलं. अकरा महिने फुकट, माझ्या हातांनी. कपाळ भिंतीवर आपटून घ्यावंसं वाटलं.

नव्याने करायचं तर पुन्हा अकरा महिने. डॉक्टर म्हणत होते, फार तर महिना. बाबांनी जेवण सोडलं होतं, औषध थुंकत होते. निकाल कळला की सुटलो, म्हणायचे.

धाकट्या भावाला फोन केला.

"शून्य आलं म्हणून सांग ताई. तपासायला कोण येतंय?"

"तुझं काय जातंय सांगायला," म्हणून मी फोन आपटला. पण चौथ्या दिवशी हॉस्पिटलात गेले आणि तेच सांगितलं.

"बाबा, शून्य आलं."

त्यांच्या डोळ्यांतलं पाणी कानापर्यंत ओघळलं. त्यांचा इतका सुखी चेहरा मी जन्मात पाहिला नव्हता, आणि मला माझी शरम वाटली.

"आता दुसऱ्या मशीनवर लाव," ते म्हणाले. "एकाच मशीनचं शून्य कुणी धरत नाही. दोन्हीकडे आलं तरच खरं. अकरा महिने ना? थांबतो मी."

आणि नर्सला हाक मारून त्यांनी सकाळी नाकारलेलं औषध मागितलं.

घरी येऊन मी ७३ टाकलं, तीनदा बघून. आता बाबा रोज चार चमचे दूध गिळतात, दोन ओकतात, तोंड पुसून घेतात आणि मला विचारतात, किती टक्के झालं.