व्यायामानंतरची पेज

माह्या बहिणीचं, रीताचं, लिव्हर गेलं. बिचारी चहाही अर्धाच कप पिते, तरी गेलं. बाप नाही, माय सत्तरीची. तिले तुकडा द्यायले जुळलं फक्त माहं. पण नागपूरच्या डॉक्टरनं माही तपासणी पाहून मान हलवली. म्हणाला, "गजेंद्र, तुमच्या लिव्हरवर चरबी आहे. दोन महिन्यांत उतरवा, म्हणजे तुकडा काढता येईल. त्याहून जास्त वेळ तिच्याजवळ नाही."

कुडव्याले माहं टायरचं दुकान. दिवसभर स्टुलावर बसून बूड जड झालेलं. दवाखान्यातल्या व्यायामाच्या मॅडमनं सांगितलं, तासभर जिममध्ये लोळू नका. सकाळ-संध्याकाळ पंधरा मिनिटं, पण त्यात कसर नको. जिना, उठबशा, भिंतीले टेकून दंड, मधामधात थोडासा दम घ्यायचा. भात अर्धा, तूप-गूळ बंद.

केलं बाप्पा. फुलचूरच्या घरचा जिना माकडासारखा चढून-उतरून राहिलो. शेजारचे मुन्नालाल विचारत, "क्या गज्जू, पुलिस भरती है क्या?" मी नुसता दात काढायचो. पाय लटलट कापत, पण रीताचा पिवळा चेहरा आठवला की अजून एक फेरी व्हायची. शेवटी माय पेज आणून द्यायची. तांदळाची पातळ पेज पीत जा, असं मॅडमच म्हणल्या होत्या. ती मले खिरीसारखी लागे. वाटे, मेहनतीच्या भुकेले सगळंच गोड लागते.

आज नागपूरले पुन्हा तपासणी झाली. चरबी उतरली नाही, उलट वाढली. डॉक्टर म्हणाला, "व्यायाम केलाच नाही वाटतं. आता तुमचं घेता येणार नाही, आणि थांबायला वेळही नाही." टेबल उलटवावं असा राग आला मले. पण राग काढू कोणावर?

घरी आलो, त सैपाकघरात माय पेज ढवळून राहिली होती. एका हातात तुपाची बरणी, बाजूले गुळाची ढेप.

"हे कायले टाकतेस माय?"

"कायले म्हणजे? आंग कापून देऊन राहिला तू बहिणीले. तूप नाही गेलं पोटात त जखम कशी भरन? बाळंतिणीले नाही देत का आपण? तू नाही म्हणशील म्हणून सांगितलं नाही."

तोंडावर आलेली शिवी गिळली. ओट्यावर तिचं जेवण झाकलेलं होतं, मीठ-भात. दोन महिने तिनं तुपाले बोट लावलं नव्हतं, सगळं माह्यासाठी ठेवलं होतं. आता सांगू काय हिले? तुह्याच हातानं तुही पोरगी चालली, असं सांगू?

आतल्या खोलीत निजलेल्या रीताचा आवाज आला, बारीक. "भाऊ, डॉक्टर काय म्हणला?"

मायनं वाटी पुढे केली. माह्या तोंडाकडे पाहून राहिली.

"आली ना रे ताकत?"

"आली," म्हणलं, अन् पेज प्यालो.