एकशे अडुसष्ट

मी एचआयव्हीच्या रुग्णांची समुपदेशक. नवऱ्यावर एकदम संशय घेऊ नका, आधी नीट समजून घ्या, असं बायकांना रोज चारदा सांगते. स्वतःवर वेळ आली तेव्हा मी चार मिनिटंही थांबले नाही.

२०१५चा फेब्रुवारी, दुष्काळाचं वर्ष. माझे मालक मन्मथ पाण्याचा टँकर चालवायचे. भरायला बिलोलीकडे जावं लागे. नंबर लागला नाही तर दोन-दोन रात्री तिकडेच. त्यांना स्वाइन फ्लू झाला, धाप लागली, म्हणून उदगीरहून लातूरला आणलं. सासूबाई गौरम्मा रस्ताभर बडबडत होत्या, "उदगीर जिल्हा झाला असता तं हितंच मोठा दवाखाना असता. लेकरू वाटंतच घाबरं झालं न्हाई का!"

तिथले डॉक्टर शिवमूर्ती गंभीर फ्लूमध्ये टी पेशींचं काय होतं याचा अभ्यास करत होते. रक्त घेऊ का म्हणाले, मी सही केली. तिसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर रिपोर्ट दिसला. सीडी फोर, एकशे अडुसष्ट.

सीडी फोर म्हणजे टी पेशींचाच एक प्रकार, आणि एचआयव्ही नेमक्या त्याच खातो. धडधाकट माणसात त्या पाचशेच्या वर असतात. एवढा खालचा आकडा मी फक्त आमच्या फायलींत पाहिलेला. दोन-दोन रात्री बिलोलीला! नंबर कसला, आणि कोणाचा?

त्यांची एचआयव्हीची तपासणी निगेटिव्ह आली. माझं समाधान होईना. लागण नवी असली तर तपासणीत दिसत नाही, हे मीच लोकांना शिकवते. मालकांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. मी कानाशी वाकून विचारलं, "कोण हाय ती?" त्यांनी डोळे मिटले. मला तेवढं पुरलं. तशीच खाली गेले आणि माझंही रक्त तपासायला दिलं.

संध्याकाळी डॉक्टरांना गाठून, आकडा एवढा खाली कसा, हे सरळ विचारलं. ते हसले, मला रागच आला.

"ताई, फ्लूचा विषाणू फुफ्फुसात आहे. टी पेशी रक्त सोडून तिकडे धावल्यात. काही मरतातही. गावातली माणसं शेजारी आग विझवायला गेली तर गाव रिकामंच दिसणार. आजार उतरला की आकडा चढेल, बघा."

मी मान हलवली. मनात म्हटलं, पुरुष पुरुषाचीच बाजू घेणार.

तीन आठवड्यांनी आकडा आला सहाशे नव्वद. एचआयव्ही पुन्हा निगेटिव्ह, माझाही निगेटिव्ह. मला स्वतःची लाज वाटली आणि आनंदानं रडूही आलं. घरी पेढे आणले, मालकांना बाजेवर बसवलं आणि हसत हसत सगळं सांगून टाकलं. आकडा, बिलोली, माझी तपासणी.

ते हसले नाहीत.

"मास्क व्हता तरी मला ऐकू आलं व्हतं," ते म्हणाले. "म्या म्हनलं, घाबरलीय, जाऊ दे. पन तू तुझं रगत कामून दिलंस?"

"तुमच्याकडून मला लागलं असंल म्हणून."

"का तुझ्याकडून मला?" ते शांतपणे म्हणाले. "म्या दोन-दोन रात्री बिलोलीला. तू घरी एकलीच."

मी माझा रिपोर्ट काढून त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो उचललासुद्धा नाही.

"कागद तं माझाबी निगेटिव्हच व्हता," ते म्हणाले.