दहा हजार कोटींची मी आणि ती अर्धी

मित्रांनो, मी एक जुनी ग्रीक नोट आहे आणि माझ्यावर शंभर अब्ज द्राख्मा असं छापलेलं आहे. म्हणजे आपल्या मोजणीत दहा हजार कोटी. आकडा मोठा आहे, सावकाश वाचा, मला घाई नाही. सध्या मी नाशिकरोडला जेलरोडवरच्या एका घरात, अल्बमच्या दुसऱ्या पानावर राहते. दुसऱ्या. माझं सगळं दुःख या एका शब्दात आलं.

माझा जन्म १९४४ सालचा. महायुद्धानं ग्रीस देश पार पिळून निघाला होता. वस्तू महागत गेल्या, तशी नोटांवर शून्यं वाढत गेली. माझ्यावर अकरा आहेत. एवढी शून्यं अंगावर घेऊन मी मोठ्या ऐटीत जगात आले, आणि आठवडाभरानं सरकारनं नवं चलन काढलं. जुन्या पन्नास अब्जांना नवी एक द्राख्मा. म्हणजे मी दोन द्राख्मांची झाले. तुमच्याकडे बारशाला बारा दिवस थांबतात. मी बारशाआधीच रिटायर झाले होते.

पुढची कित्येक वर्षं पेट्यांत आणि पाकिटांत गेली. शेवटी एका टपालातून मी गंगाधररावांच्या हातात पडले. गंगाधररावांनी उभा जन्म नोटांच्या कारखान्यात छापलेले कागद तपासण्यात घालवला होता. नोट जरा तिरकी कापली गेली, शाई जरा फुटली, की बाद. असा माणूस मला भिंगातून बघून म्हणाला, "वा, काय सरळ कापलीय." मित्रांनो, मी त्याच दिवशी त्यांची झाले. त्यांनी मला अल्बमच्या पहिल्या पानावर बसवलं.

मग ती आली. अर्धी.

अर्धी म्हणजे खरोखरच अर्धी. १९२२ साली ग्रीक सरकारला पैसे कमी पडले, तेव्हा त्यांनी हुकूम काढला की लोकांनी आपापल्या नोटा मधोमध कापाव्यात. ज्या तुकड्यावर चेहरा छापलाय तो निम्म्या किमतीला बाजारात चालेल, ज्यावर मुकुट छापलाय तो सरकारला कर्ज म्हणून द्यावा. ही त्यातली चेहऱ्याची. कडेला सुतं निघालेली आणि कात्रीही वाकडी चाललेली.

जन्मभर तिरक्या नोटा बाद करणारा माणूस हिच्यापुढे विरघळला. तिला पहिलं पान मिळालं आणि मी मागे सरकले. घरी कुणीही आलं, की चहाआधी अर्धीची गोष्ट. गंगाधररावांच्या पत्नी मालिनीबाई दरवेळी म्हणायच्या, "म्हणजे कात्री घेऊन बसले सगळे? आणि नवऱ्यानं वाकडं कापलं तर?" सगळे हसायचे. माझी अकरा शून्यं मोजायलाही कुणी थांबायचं नाही.

यंदा नाशिकमधल्या नाणी-नोटा जमवणाऱ्यांच्या मंडळानं प्रदर्शन ठरवलं आणि गंगाधररावांनी पहिल्यांदाच नाव दिलं. बक्षीस मिळावं ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. माझीही होती. फक्त ते चौकटीत मधोमध अर्धीला लावणार होते, आणि माझं म्हणणं वेगळं होतं.

अर्धीची कड झडायला लागली होती. पान उलटताना गंगाधरराव श्वास रोखून धरायचे. हे मालिनीबाईंना बघवेना. त्यांचा लॅमिनेशनवर फार विश्वास. पोरांच्या मार्कशीटा, डॉक्टरांची पथ्याची यादी, गॅसवाल्याचा नंबर, घरात सगळं लॅमिनेट केलेलं. एका दुपारी गंगाधरराव बाहेर गेल्याचं बघून त्यांनी अख्खा अल्बम पिशवीत घातला आणि भर उन्हात झेरॉक्सच्या दुकानात नेला.

दुकानातल्या हर्षालीनं अर्धीला उलटसुलट पाहिलं. "काकू, उरलेली कुठंय?"

"एवढीच आहे गं."

"मग आधार कार्डाच्या मापात बसवते. ही दुसरीपण करायची का?"

मी श्वास रोखला.

"नको," मालिनीबाई माझ्याकडे न बघताच म्हणाल्या. "ती धट्टीकट्टी आहे."

अर्धी यंत्रात गेली आणि बाहेर आली ती चकचकीत होऊन. माझा कागद रागानं वाळला. एवढी मोठी मी, आणि मला साधं प्लास्टिक नाही.

गंगाधररावांनी संध्याकाळी अल्बम उघडला. भिंग हातात घेतलं आणि तसंच खाली ठेवलं.

"अहो, कशी झालीय?" मालिनीबाईंनी विचारलं. "आता खुशाल हात लावा."

"छान झालीय," ते म्हणाले, आणि बाल्कनीत जाऊन त्यांनी तुळशीला पाणी घातलं. मग परत एकदा घातलं.

प्रदर्शन गंगापूर रोडच्या एका मंगल कार्यालयात होतं. परीक्षक येवल्याहून आले होते. वयानं तरुण, नाव संघर्ष. ते आमच्या चौकटीपुढे थांबले, वाकले आणि अर्धीकडे बघून त्यांचा चेहरा उतरला.

"काका, हे लॅमिनेशन कुणी केलं?"

मालिनीबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं.

"मी," गंगाधरराव म्हणाले. "पावसाळ्यात फार दमट होतं हो आमच्याकडे."

"अहो, गरम प्लास्टिक चिकटलं की कागद मेला. आता सोडवायला गेलं तर फाटेल. फार दुर्मीळ तुकडा होता हा. पण ही चौकट मला स्पर्धेत धरता येणार नाही." मग त्यांनी अर्जाकडे पाहिलं. "तुम्ही तर नोटांच्या कारखान्यात होतात ना?"

"होतो."

"तरी?"

"तरी."

जाता जाता ते माझ्याकडे बोट करून म्हणाले, "ही शंभर अब्जाची मात्र सुंदर जपलीय." ऐंशी वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली, ते असं आलं आणि कुणाच्या कानातही शिरलं नाही. मलाही ते नीट ऐकू आलं नाही. मी त्या दोघांकडे बघत होते.

परतताना रिक्षात मालिनीबाई म्हणाल्या, "तुम्हाला माहीत होतं."

"काय?"

"प्लास्टिकचं. मला बोलला का नाहीत?"

"तू एवढ्या उन्हात गेली होतीस," गंगाधरराव म्हणाले. "आणि तिचं निम्मं तर आधीच गेलेलं होतं."

मालिनीबाईंनी तोंड रस्त्याकडे वळवलं आणि पदरानं डोळे पुसले. मग अल्बम त्यांच्या मांडीवरून ओढून स्वतःच्या मांडीवर घेतला.

घरी आल्यावर मला वाटलं, आता तरी पानं बदलतील. बदलली नाहीत. किंमत शून्य झालेली अर्धी अजून पहिल्या पानावर आहे. आताशा मालिनीबाईच पाहुण्यांना तिची गोष्ट सांगतात.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनी नोट असेल तर तिला गरम प्लास्टिकमध्ये घालू नका. चिकटपट्टी लावू नका, घडी घालू नका, थुंकी लावून मोजू नका. कोरड्या जागी, सुट्या पाकिटात ठेवा. मला अगदी असंच ठेवलेलं आहे. अंगावर घडी नाही, डाग नाही, आणि आकडा दहा हजार कोटींचा. पण आजवर माझ्यासाठी कुणी एक साधं खोटंसुद्धा बोललेलं नाही.