उडाली

इंदोऱ्याच्या वस्तीत कुणाचा प्रिंटर रुसला, कुणाच्या मोबाइलवर मराठी उमटेनासं झालं, की हाक जायची रोशनला. तो यायचा, दोन बटणं दाबायचा आणि "कचरा भरला होता" म्हणून मोकळा व्हायचा. बहुतेक वेळा नुसतं बंद करून चालू केल्यानंच काम भागायचं, पण हे गुपित त्यानं कधी फोडलं नाही. कौतुक फुकट मिळत असताना नाही कोण म्हणतं?

त्याच्या विद्येचा मुख्य खांब म्हणजे डी ड्राइव्ह. सीमध्ये विंडोज राहतं, ते बिघडतं, ते पुसावं लागतं. डीमधलं मात्र सुरक्षित. "डेस्कटॉपवर काही ठेवू नका, डीमध्ये टाका," असं तो दिसेल त्याला सांगायचा. ज्या दुकानदाराकडून तो हे शिकला होता, त्यालाही कुणीतरी असंच सांगितलं असणार. सल्ला खोटा नव्हता, अर्धा खरा होता. उरलेलं अर्धं रोशनला ठाऊक नव्हतं.

घरातला लॅपटॉप वैभवीवहिनींचा. मोठा भाऊ गोविंदा खापरखेड्याच्या वीज केंद्रात शिफ्टवर असायचा, आणि समोरच्या खोलीत वहिनींचं एम्ब्रॉयडरीचं मशीन चालायचं. लॅपटॉपवर डिझाइन काढायचं, पेन ड्राइव्हवर घ्यायचं, तो मशीनला लावायचा. यंदा महिला मंडळाच्या साड्यांचं काम आलं होतं. पांढरी साडी, काठावर निळ्या धाग्याची पिंपळपानांची वेल. दसऱ्याला सगळ्या बायका त्याच साड्या नेसून दीक्षाभूमीवर जाणार होत्या. पान वहिनींनी स्वतः काढलं होतं. त्याचं टोक मनासारखं वळेपर्यंत त्यांनी कितीतरी चिंध्या वाया घालवल्या होत्या. निम्म्या साड्या झाल्या होत्या, निम्म्या बाकी होत्या.

अशात रोशनला कॉम्प्युटरच्या कोर्ससाठी लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली, हवं झालं.

"विंडोज जसंच्या तसं राहीन, वहिनी. लिनक्स त्याच्या बाजूले बसवतो."

"अन् माझे डिझाइन?"

"सगळे डीमध्ये टाका. डीले काही होत नाही."

"पेन ड्राइव्हवर ठेवू का अजून एकडाव?"

"पेन ड्राइव्ह तर मलेच लागते. त्याच्यावरूनच लिनक्स चढवा लागते. काहून, भरोसा नाही का माझ्यावर?"

असं विचारल्यावर घरातली सून काय बोलणार? वहिनींनी सगळी डिझाइनं डीमध्ये हलवली आणि मशीनचा पेन ड्राइव्ह काढून त्याच्या हातावर ठेवला. तो सर्वात आधी फॉर्मॅट होऊन कोरा झाला.

मग साहेब कामाला लागले. सीमधली थोडी जागा कापून त्यांनी मोकळी केली, पण लिनक्सचा इन्स्टॉलर त्या जागेला हातच लावेना. ही जागा वापरता येणार नाही, एवढंच म्हणे. कारण साधं होतं. त्या जुन्या पद्धतीच्या डिस्कवर मुख्य भाग चारच पाडता येतात आणि चारही आधीच पाडलेले होते. रोशननं मोबाइलवर शोधलं. कुणीतरी लिहिलं होतं, पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कच्या भागांची नोंद, नवं बनवा. खाली असंही होतं की आधी बॅकअप घ्या, डिस्कवरचं सगळं जाईल. त्यानं ते वाचलं. सगळं म्हणजे सीमधलं, असा त्यानं अर्थ लावला. विंडोज काय, परत टाकू. इन्स्टॉलरच्या यादीत सी नव्हती, डीही नव्हती. एसडीए एक, एसडीए दोन अशी भलतीच नावं होती. डी तिथे दिसतच नाही म्हणजे ती बाजूला सुखरूप आहे, असं वाटून त्याला उलट हायसं वाटलं. नक्की ना, असं स्क्रीननं विचारलं. त्यानं नक्की म्हटलं.

लिनक्स झकास बसलं. रोशननं डी शोधायला घेतली, ती कुठेच नव्हती. डिस्क एकच होती, पहिल्यापासून एकच, सी आणि डी हे तिचेच भाग, आणि आता तिच्यावर लिनक्सशिवाय काही नव्हतं. दुपारभर खटपट करून थोडे फोटो परत आले. डिझाइन एकही आलं नाही.

तेव्हा तो वहिनींना म्हणाला, "हार्ड डिस्क उडाली."

हा शब्द फार सोयीचा आहे. बल्ब उडतो, फ्यूज उडतो, डिस्क उडते. आपलं आपण उडतं, कुणाचा हात लागत नाही.

वहिनींनी लॅपटॉपच्या फटीवरून बोट फिरवलं. "मीच मशीनच्या बाजूले ठेवत होती. धाग्याचा भुसा आत जात असन. मशीन हालते तर लॅपटॉपही हालते."

रोशननं खरं सांगायची हीच वेळ होती. तो म्हणाला, "हो, धुळीनं होते असं."

त्या 'हो'ची लाज त्याला डिस्क पुसल्याहून जास्त वाटली. चूक नकळत झाली होती, 'हो' जाणूनबुजून म्हटला होता. वहिनींनी लगेच मंडळाच्या पुष्पलताबाईंना फोन लावला. "माझ्याच हलगर्जीपणानं झालं, मावशी. वेळेवर होते का नाही, सांगता येत नाही." ते ऐकताना रोशनला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. फोन ठेवून वहिनींनी आधी त्याला चहा दिला. बिचारा दुपारपासून खपत होता ना.

कौसल्याबाई, म्हणजे रोशनची आई, बाजूलाच मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांचं लक्ष लॅपटॉपकडे गेलं.

"हे तर चालू दिसून राहिलं. डिस्क उडाली म्हणतं, तर हे कायच्यावर चालू आहे रे?"

वहिनींनी स्क्रीनकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं. त्यांना कळलं, आणि कळलंय हे त्याला दिसलं.

"आई, आपल्याले नाही समजत ते," वहिनी म्हणाल्या. "डी वेगळी असते."

आवाजात टोमणा नव्हता. घरच्या पोराची लाज झाकावी तशी त्यांनी ती झाकली, आणि झाकायला त्याचीच डी वापरली. रोशनचे कान तापले. कौसल्याबाई "असन बापा" म्हणत पुन्हा मेथीकडे वळल्या.

वहिनींनी तयार साडी दिवाणावर पसरली, काठावर पातळ कागद ठेवला आणि पेन्सिलीनं पान उतरवायला घेतलं.

"वहिनी," रोशन म्हणाला. "उडाली नाही. मी उडवली. पेन ड्राइव्हही मीच पुसला. धुळीचं काही नव्हतं."

मेथी निवडायची थांबली. वहिनींनी मान वर केली नाही.

"पुष्पलता मावशीले फोन लावा," त्या म्हणाल्या. "माझा फोन खोटा झाला."

त्यानं लावला. पलीकडून लगेच आवाज आला, "रोशन, बरं झालं गा तूच फोन केला! तिनं काय करून ठेवलं त्या लॅपटॉपचं? तूच पाह्य बापा जरा. तिले काय समजते त्यातलं?"

आई बघत होती. पेन्सिल कागदावर चालू होती.

"मावशी," रोशन म्हणाला, "मलेच नाही समजत."