ताऊजी म्हणायचं की चाचाजी

खळ्यावर मका पसरलेला आणि आभाळ काळंकुट्ट. नातेबुवा हातात खराटा घेऊन एकदा ढगांकडे, एकदा दाण्यांकडे बघत होता. जुन्या ताडपत्रीची उंदरांनी चाळण केली होती आणि नवी आणायचं काम त्यानं मोठ्या थाटात रोज उद्यावर ढकललं होतं.

गावानं त्याला नातेबुवा हे नाव उगाच दिलं नव्हतं. कोण कुणाचा मावसभाऊ, कोण कुणाचा साडू, हे तो झोपेतही सांगायचा. फक्त बांधापलीकडच्या चुलतभावाशी त्याचा अकरा वर्षं अबोला होता. सामायिक विहिरीचं पाणी आधी थोरल्या भावानं घ्यायचं, ही घरातली रीत. आणि दोघांत मोठा कोण, हेच ठरत नव्हतं. जन्माची नोंद कुणाचीच नाही, सांगणारे सगळे वर गेलेले. तेव्हापासून दोन पिकल्या केसांचे बाप्ये रोज सकाळी विहिरीवरच्या मोटारीकडे पळत सुटायचे. गावाची नाती जुळवणारा स्वतःच्या घरात असा नापास!

आणि धड ताडपत्री होती नेमकी त्याच भावाकडे.

"मी मागून आणते," सून म्हणाली. ती हिंदी बोलणाऱ्या घरातली, लग्नाला दोनच महिने झालेले. "पण त्यांना हाक काय मारू?"

"काका म्हण."

"आमच्यात तसं नाही चालत. सासऱ्यांचा मोठा भाऊ ताऊजी, छोटा चाचाजी. चुलत असला तरी तेच. तुमच्यात मोठं कोण, बाबा?"

नातेबुवानं खराट्यानं उगाच चार दाणे ओढले. चाचाजी म्हणायला सांगावं, तर तो गडी तरुणपणी बारा वर्षं ट्रक चालवून हिंदी कोळून प्यायलेला. ऐकून तोंडावर दार लावील. ताऊजी म्हणावं, तर पाण्याची पहिली पाळी कायमची गेली.

टपोरा थेंब त्याच्या डोक्यावर पडला.

"ताऊजी म्हण," तो पुटपुटला. "पण जरा हळू."

ती बांधावरूनच खणखणीत ओरडली, "ताऊजीऽऽ! मका भिजतोय!"

भाऊ ताडपत्री खांद्यावर टाकून धावतच आला. तिघांनी ती ओढली, कडेला दगड ठेवले, आणि पाऊस कोसळला तेव्हा ते गोठ्याच्या पत्र्याखाली धापा टाकत उभे होते.

"मला मोठा म्हणायला तूच सांगितलंस?" भावानं विचारलं.

"काय करणार! मका माझा होता."

अकरा वर्षांनी तो आवाज इतक्या जवळून ऐकून नातेबुवाला फार बरं वाटलं. भाऊ मात्र पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला.

"आईनं जाताना सांगितलं होतं मला," तो म्हणाला. "तूच तीन महिन्यांनी मोठा. मी आपला तोंड दाबून बसलो."

नातेबुवाला आधी संताप आला, मग स्वतःचंच हसू. हक्काचं मोठेपण त्यानं आत्ताच आपल्या तोंडानं देऊन टाकलं होतं.

"मग आता चाचाजी म्हणू?" सून गोंधळली.

"म्हण बाई," भाऊ म्हणाला. "खरं तेच आहे."

"खबरदार!" नातेबुवा ओरडला. "मका वाळेपर्यंत ताऊजीच म्हणायचं. ताडपत्री त्याची आहे!"