एका साखळीतल्या सायकली

अहेरीच्या आठवडी बाजारातून रीताची सायकल गेली ती भर दुपारी, शेकडो लोकांच्या डोळ्यांदेखत, आणि कुलूप लावलेलं असताना.

रीता गावची आशा कार्यकर्ती. गाव आणि जंगलाच्या आतले दोन टोले, म्हणजे छोट्या वस्त्या, एवढ्या घरांची काळजी तिच्याकडे. सायकल ती शिकली पोरगी रोशनी झाल्यावर. गुडघे फुटले, कोपरं सोलली, पारावर बसलेल्यांनी पोटभर हसून घेतलं. पुढं आतल्या टोल्यावरच्या बुधूची बायको कळा सुरू झाल्यावर अडली आणि दवाखान्याची गाडी नाल्याच्या अलीकडेच थांबली. रीतानं तिला कॅरियरवर बसवून, ढकलत, सावरत गाडीपर्यंत आणलं. त्या दिवसापासून पारावरचं हसू बंद झालं.

तीच मरून रंगाची सायकल तिनं नेहमीसारखी बाजाराच्या कडेला, विजेच्या खांबाजवळ लावली होती. मागच्या चाकाचं कुलूप लावून चाबी कमरेला खोचली होती. मिरच्या घेऊन परत येते तो खांबाजवळ नुसती धूळ.

जवळच पोचूभाऊ सुकी मासोळी विकायला बसायचे.

"पोचूभाऊ, माही सायकल पाह्यली का जी?"

"मरून ना? ते त आत्ताच एक भाऊ घेऊन गेला. मांगचं चाक उचलून चालला होता बिचारा. म्हने, पंक्चर झाली." पोचूभाऊंचा चेहरा एकदम उतरला. "अवो बाई... रस्त्यावर चढवाले मीच हात लावला त्याले."

रीताला हसावं की रडावं कळेना. कुलूप शाबूत, चाबी कमरेला, आणि सायकल मात्र गेली! ठाण्यात तक्रार लिहून घेतली. तिथं कळलं की तिच्या आधीही बऱ्याच जणांच्या सायकली अशाच गेल्या आहेत.

मग पायी फिरणं आलं. औषधांची पिशवी खांद्याला, तान्ह्या पोरांचं वजन करायचा काटा हातात. जंगलाची वाट, वाघाची भीती, म्हणून उन्हं कलायच्या आत परतायला हवं. त्यामुळे शेवटची दोनचार घरं रोजच राहून जायची. त्यातल्या एका घरी पहिलटकरीण होती. रीताचा जीव तिच्यात अडकलेला असे.

एका सकाळी गोठ्यात ती बैल बांधत होती. साखळी खुंट्यात अडकवता अडकवता तिचा हात थांबला.

"बाबा," तिनं सासऱ्याला, बापूरावांना विचारलं, "आपन बैलाचे पायच एकमेकाले बांधले अन् खुंट्याले बांधलाच नाई, त?"

"त चोर गाडीत घालून नेईन," बापूराव म्हणाले. "काऊन वो?"

"मी सायकलचं तेच करून राह्यली होती. चाक बांधलं, पन सायकल कशालेच बांधली नाई."

बापूराव दाढी खाजवत राहिले. मग उठून आत गेले आणि मेलेल्या बैलाची जुनी, अंगठ्याएवढ्या कड्यांची साखळी घेऊन आले. "ने. तुटनार नाई."

पुढच्या बाजाराला रीतानं रोशनीची शाळेची सायकल मागितली. पोरीनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ने. पन हेही गेली त मले पाठुंगळी घेऊन शाळेत पोचवजो."

"पोचवतो," रीता म्हणाली.

मागच्या चाकाचं कुलूप लावून तिनं चाबी कमरेला खोचली आणि विजेच्या खांबाला साखळीचा वेढा घातला. टोक सायकलच्या दांड्यातून घेतलं, मागच्या चाकातून काढलं. साखळी चांगली लांब उरली. तिथं सायकल लावणाऱ्या दोघीतिघी थबकल्या.

"आमचीबी ओव ना वो त्याच्यात."

एकीची, दुसरीची, मग एका म्हाताऱ्याची, अशी रांगच लागली. शेवटी रीतानं घरचं दाराचं मोठं कुलूप ठोकलं. खाली लोंबणाऱ्या साखळीवर कोणीतरी पोती टाकली, पाय अडकू नये म्हणून.

ती मीठ मोजून घेत असताना मागं धडाड आवाज झाला. पाठोपाठ पोचूभाऊंची आरोळी: "रीताबाई! धावा वो! पंक्चरवाला!"

ती पिशवी टाकून धावली. खांबाजवळ सायकलींची सगळी रांग आडवी झाली होती आणि तिच्याखाली इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस पाय सोडवत होता. पोत्यांखालची साखळी न दिसल्यानं त्यानं रोशनीच्या सायकलचं मागचं चाक उचलून हिसका दिला होता. साखळी ताणली गेली आणि खांबापासून पार टोकापर्यंतच्या सायकली त्याच्या अंगावर आल्या होत्या.

"माही सायकल आहे," तो ओरडला. "पंक्चर झाली म्हून नेत होतो. कोनं बांधली इथी?"

लोक घुटमळले. माणूस चांगल्या घरचा दिसत होता. रीता वाकली, पुढचं चाक दाबून पाहिलं, मागचं दाबून पाहिलं. दोन्ही टणक.

"पंक्चर कुठी आहे, दादा?"

तो पाय सोडवायला आणखी धडपडू लागला.

"बरं, राहू दे. तुही सायकल आहे ना? मंग चाबी दाखव."

त्यानं एक खिसा चाचपला, मग दुसरा. रीतानं कमरेची चाबी काढली, त्याच्या डोळ्यांसमोर चाकाच्या कुलपात घातली आणि फिरवली. टक्‌ करून कुलूप उघडलं. सगळा बाजार एकदम बोलू लागला. पोचूभाऊ तर मासोळीचं टोपलं सोडून त्या माणसाच्या पायाशी ठाण मांडून बसले. "आता मी हात लावतोच तुले," ते म्हणाले, आणि पोलीस येईपर्यंत त्यांनी त्याचा घोटा सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी एका पडक्या गोदामातून सायकली निघाल्या, भिंतीला टेकवून एकावर एक रचलेल्या. ज्यांच्या त्यांना बोलावणं गेलं. रीताच्या सायकलला अर्धवट निळा रंग फासला होता, पण चाबी लागली. हवालदार म्हणाले, "बाई, आमच्या साहेबांनीबी गाडीले साखळी घेतली."

ठाण्याबाहेर रोशनी आपल्या सायकलवर वाट पाहत होती. दोघी निघाल्या. रीता घराकडे न वळता टोल्याच्या वाटेला लागली. पहिलटकरणीला आज भेटायचंच होतं. सागाच्या सावल्यांतून वाट उताराला लागली तशी रोशनी पुढं सुटली आणि मागं वळून ओरडली, "आई, ये ना वो!"

रीतानं पदर खोचला, पायडलवर उभी राहिली आणि उतार संपायच्या आत लेकीला मागं टाकलं.