गुन्वोरची पाळी

आईला जाऊन सात आठवडे झाले होते. तिचं कपाट आवरून मी थकले होते आणि तोव्हाच्या, माझ्या लेकीच्या, बाळाचं नाव सरकारला कळवायची मुदत संपत आली होती.

“गुन्वोर ठेव,” मी म्हटलं. “तुझ्या आजीचं नाव राहील.”

“अगं आई! आल्मा, सिग्ने, ही माझ्या पणजीच्या काळची नावं आत्ता कुठे फॅशनमध्ये परत आलीत. गुन्वोरची पाळी यायला अजून वीस वर्षं आहेत. वर्गात हसतील तिला.”

“मग आल्मा पहिलं आणि गुन्वोर मधलं नाव ठेव. त्या नावाने हाक कोण मारतंय?”

“कुणीच नाही ना? मग ते राहिलं कुठे?”

माझं मधलं नाव तुरबोर्ग, आईच्या आईचं. ती बाई कशी होती, मला ठाऊक नाही. आईने कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ते नाव मला पासपोर्ट काढताना तेवढं आठवतं.

“नुसतं आल्मा लिही,” मी म्हटलं.

तोव्हाने अर्ज पाठवला. मी बाळाला मांडीवर घेतलं आणि तिची पणजी दातांत साखरेचा खडा धरून बशीतून कॉफी कशी प्यायची, ते तिला सांगू लागले.